मागच्या रांगेतला तिसरा

निपाणी, बोरगाव, सदलगा या पट्ट्यातल्या कितीतरी नवरदेवांची डोकी मी त्यांच्या धडापेक्षा मोठी करून ठेवली आहेत. एकानेही कधी तक्रार केली नाही. उलट त्यांच्या आयांनी ती डोकी कौतुकाने मांडवाच्या दारात उभी केली आणि पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. फोटोवरून कार्टून करायचं, हा माझा धंदा. साठी जवळ आली, चष्म्याचा नंबर दर वर्षी पुढं सरकतोय, तरी सकाळी देवाला दिवा लावला की मी कॉम्प्युटरपुढं बसते आणि कुणाच्या तरी लेकाचं नाक घडवायला घेते.

लोकांना वाटतं, कार्टून म्हणजे मजेचं काम. माझ्या जावेला तर अजून वाटतं की मी दिवसभर गेम खेळते. मजेचं आहे, नाही कशाला म्हणू? पण या कामात माझ्या पोटात जेवढे गोळे आले तेवढे बाळंतपणातही आले नव्हते. त्यातला सगळ्यात मोठा गोळा कसा आला, ते लिहायला बसले आहे.

आधी काम काय असतं ते सांगते. फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा आणि त्यातले रंग कमी करायचे. माणसाच्या गालावर रंगाच्या असंख्य छटा असतात. त्यातल्या तीनच ठेवायच्या. उजेडातली, सावलीतली आणि मधली. मग फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा एक रिकामा थर ठेवायचा, त्याला लेयर म्हणतात, आणि त्याच्यावर माउसने कडा ओढायच्या: हनुवटी, नाकाची पाळी, पापणी, केसांची रेघ. खालचा फोटो काढून टाकला की वर चित्र उरतं. शेवटी बुबुळात एक पांढरा ठिपका द्यायचा, की माणूस बघायला लागतो. गुपित म्हणाल तर एवढंच, की माणसात जे ठळक आहे ते आणखी ठळक करायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. म्हणून चांगलं कार्टून फोटोपेक्षा लवकर ओळखू येतं. फोटोत माणूस शोधावा लागतो, कार्टूनमध्ये तोच समोर येऊन उभा राहतो.

हल्ली हेच काम फोनमधलं ॲप अर्ध्या मिनिटात करतं. माझ्या पुतण्याने मला करून दाखवलं. चित्र देखणं आलं, पण काकाचं आणि मामाचं एकसारखंच आलं. मी पुतण्याला छान म्हटलं. त्या रात्री मात्र झोप लागली नाही, कारण लोकांना काका आणि मामा एकसारखे चालायला लागले तर मला कोण विचारणार?

या धंद्यात मी आले ती पेन्सिल घेऊन. निपाणीतल्या एका जुन्या स्टुडिओत मी निगेटिव्हचं रिटचिंग करायची. फिल्मची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी मंद. पेन्सिल फक्त मंद बाजूवर उमटते. काचेच्या पेटीत दिवा लावायचा, निगेटिव्ह मंद बाजू वर करून त्याच्यावर ठेवायचं आणि टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्याखालची काळी वर्तुळं अलगद बुजवायची. हे मी इतकी वर्षं केलं की मध्येच झोपेतून उठवून माझ्या हातात निगेटिव्ह दिलं तरी मी ते मंद बाजू वर करूनच ठेवीन. पुढं रोल गेले, स्टुडिओ बंद पडला. मालकांनी कॅमेरे विकले, पडदे विकले. निगेटिव्हचे पत्र्याचे डबे मात्र कुणी फुकटही घेईना. ते मी घरी आणले. घरात त्यावरून वर्षभर बोलणी खाल्ली.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. इथं बोर्डावर कन्नड वर आणि मराठी खाली येतं, आणि नावाची अक्षरं कुठली मोठी यावरून दोन व्याही माझ्या घरात भांडून गेले आहेत. कार्टूनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बोरगावचे एक आप्पा शर्यतीच्या बैलाबरोबर स्वतःचं चित्र करून घ्यायला आले. चित्र बघून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, पोट जास्त काढलं की काय. तर म्हणाले, माझं तोंड कसं बी काढा हो, पर बैलाचं शिंग एवढं आत वळत न्हाय, अख्खा गाव मला हसंल. मी तीन वेळा शिंग बदललं. चौथ्या वेळी ते बैलालाच घेऊन दारात आले.

तर अश्विनी आली ती अशाच एका दुपारी. सदलग्याजवळची मुलगी, बेळगावात नोकरीला. लग्न ठरलं होतं, वीस-बावीस दिवस राहिले होते. तिला मांडवाच्या दारात लावायला कार्टूनचा बोर्ड हवा होता: ती, नवरा, आई आणि वडील. मी म्हटलं, सगळ्यांचे फोटो पाठव. तिनं तीन पाठवले. वडिलांचा नव्हता.

वडील, बाबू त्यांचं नाव, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ती दीड वर्षाची असताना तापाने गेले. पुढं नदीचं पाणी घरात शिरलं आणि ट्रंकेतले फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. अश्विनीला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. तिला एवढंच आठवत होतं की लहानपणी आईने वखारीतल्या लोकांचा एक ग्रुप फोटो दाखवला होता आणि सांगितलं होतं, मागच्या रांगेत डावीकडून तिसरे तुझे बाबा. तो फोटो आमच्या स्टुडिओने काढला होता, हे तिनं कुठून तरी शोधून काढलं होतं.

"आईला सांगू नका आक्का," ती म्हणाली. "तिला मांडवातच दाखवायचंय. आन् बाबांना हार घालू नका. जित्या माणसासारखं आईच्या शेजारी उभं करा."

तीन दिवस मी डबे उपसले. धुळीने शिंका थांबेनात. चौथ्या दिवशी मालकांच्या अक्षरात वखारीचं नाव घातलेलं पाकीट सापडलं, तेव्हा मी एकटीच घरात मोठ्याने हसले. निगेटिव्ह धड होतं. पण चेहरा केवढा, तर हरभऱ्याच्या डाळीएवढा. असा चेहरा मोठा केला की त्यात नुसते दाणे दिसतात. फोटो म्हणून बोर्डावर लावायची सोय नसते. कार्टूनच त्यावर इलाज. तीन छटा आणि चार रेघा मिळाल्या तरी माणूस उभा करता येतो.

अश्विनी आली त्या दिवशी मी जुनी दिव्याची पेटी काढली, निगेटिव्ह ठेवलं, मोबाइलने वरून फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं केलं. पुढं खुर्च्यांवर शेठलोक, मागं सातजण उभे. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, अंगात पांढरा शर्ट. अश्विनीने पडद्याला बोट लावून मोजलं. एक, दोन, तीन. रुंद चेहरा, जाड भुवया, पिळदार मिशी. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "मी ह्यांच्यासारखी कुठं दिसतो?" आमच्याकडच्या मुली 'दिसतो'च म्हणतात.

मी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हनुवटी तुझीच आहे की." खरं म्हणजे तसं काही दिसत नव्हतं. पण गिऱ्हाइकाला असं काहीतरी बोलायची आम्हाला सवय असते. मूल आणलं की बापावर गेलंय म्हणायचं. त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चित्र झकास झालं. मिशीला मी असा पीळ दिला की बास. शांताक्का, म्हणजे अश्विनीची आई, हिरव्या लुगड्यात आणि तिच्या खांद्याला खांदा लावून तो पुरुष. अश्विनीला फाईल पाठवली, तर तिनं ती फोनच्या पडद्यावर लावून टाकली. रोज उठल्यावर पहिल्यांदा पाया पडते, असं मला कळवलं. बसूने, म्हणजे आमच्या फ्लेक्सवाल्या बसवराजने, बोर्ड छापला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात पोचवला.

लग्नाला मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मुहूर्त बारा वीसचा. सकाळी साडेआठला मी आवरून बसले आणि निगेटिव्ह अश्विनीलाच द्यावं म्हणून नव्या पाकिटात घालायला घेतलं. घालण्याआधी सहज खिडकीतल्या उजेडाला धरलं. या खेपेला चकचकीत बाजू माझ्याकडे होती. सातजणांच्या शर्टांचे खिसे दिसले. सगळे डाव्या छातीवर, जिथं पुरुषाच्या शर्टाला असतात तिथं. मी पाकिटात घालणार, तेवढ्यात हात थांबला. कॉम्प्युटरवर खिसे कुठं होते?

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत मी उभीच होते. फाईल उघडली. सातही खिसे उजव्या छातीवर. मी निगेटिव्ह मंद बाजू वर करून ठेवलं होतं, रिटचिंगला ठेवतात तसं. पेन्सिल चालवायला ती बाजू बरोबर. पण फोटो घ्यायला चकचकीत बाजू वर हवी, नाहीतर सगळं आरशातल्यासारखं उलटं येतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. स्टुडिओत नवीन माणसं आली की मीच त्यांना शिकवायची. आणि गंमत बघा, कार्टून काढताना खिसा मी डाव्या छातीवरच काढला होता. हाताने सवयीने काढला. फोटोत काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

निगेटिव्ह परत उजेडाला धरलं आणि डावीकडून मोजलं. निगेटिव्हमधला काळा-पांढरा उलटलेला चेहरा वाचायची मला सवय आहे. तिसरा माणूस किडकिडीत होता. अरुंद चेहरा, टोपीखालून बाहेर आलेले कान, मिशी नाही. मी रंगवला तो उजवीकडून तिसरा. कुणाचा तरी कोण, कुठला तरी. तो आता सदलग्याच्या कार्यालयाच्या दारात एका विधवेच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

 पहिला विचार आला तो खोटं बोलायचा, लपवत नाही. माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाली, सासरच्यांनी त्याला बघितलेलं नाही, पोरीला माहीत नाही, गप्प बसावं. पण शांताक्का बघणार होती. लेक हौसेने तिचा हात धरून तिला दारात आणणार, हे बघ बाबा म्हणणार, आणि तिथं परका माणूस. चारचौघांत ती किंचाळली तर? अश्विनीला फोन लावला तर बंद. नवरीचा फोन कुठल्या तरी मावशीच्या पिशवीत असणार. खरं सांगू, बंद लागला म्हणून मला जरा बरंही वाटलं.

मग बसूला फोन केला. नवा बोर्ड छापून वाळायला वेळ नव्हता. नुसता चेहऱ्याचा स्टिकर छापायचा आणि जुन्यावर डकवायचा, असं ठरलं. एरवी एका चेहऱ्याला मी दोन दिवस घेते; त्या दिवशी पाऊण तासात काढला. कानाची रेघ तीनदा वाकडी गेली. त्यात जुना चेहरा रुंद आणि नवा अरुंद. नुसता नवा चिकटवला असता तर दोन्ही बाजूंनी मिशीची टोकं बाहेर आली असती. म्हणून भोवतीचा पिवळा रंगही मापून घ्यावा लागला. दहाला फाईल पाठवली आणि रिक्षाने बसूच्या दुकानात गेले, तर लाईट गेलेली.

वीस मिनिटं आम्ही त्या बंद मशिनीपुढं बसलो. मी घड्याळ बघतेय, बसू माझ्याकडे बघतोय. शेवटी तो म्हणाला, "होगली बिडरी आक्का, जाऊ दे. कार्टूनच हाय न्हवं? कोण एवढं बघतंय?" आयुष्यात मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. कुणी बघत नसेल तर मी जन्मभर काय केलं मग, असं काहीतरी बोलले.  लाईट आली, स्टिकर निघाला आणि बसूने दुकानाचं शटर ओढून मला मोटरसायकलवर घेतलं.

ऊसतोडीचे दिवस. बोरगावच्या अलीकडे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक, रस्ता भरलेला. बसू खालच्या मातीतून गाडी काढायचा आणि मी एका हाताने स्टिकरची गुंडाळी छातीशी धरून दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट. ठेवणीतली साडी धुळीने लाल झाली. रस्ताभर मला एकच चित्र दिसत होतं: शांताक्का खाली बसलीय, बायका तिला पाणी पाजतायत आणि अश्विनी विचारतेय, काय झालं, काय झालं.

कार्यालयात पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. दारात तसं काहीच नव्हतं. सनई वाजत होती, गुलाबपाणी उडत होतं. बोर्ड जागेवर होता आणि बोर्डापुढं एक बाई उभी होती. हिरवं लुगडं. मी तिला फोटोवरूनच ओळखत होते. पाठ बोर्डाला टेकवलेली, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी जरा पसरून धरलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच या, बसा, चहा घ्या म्हणत होती. बोर्डातली नवरी दिसत होती, नवरा दिसत होता, शांताक्काही दिसत होती. त्या पुरुषाचा फक्त शर्ट दिसत होता.

शेजारची एक पोक्त बाई मला कौतुकाने म्हणाली, बघा की, नऊ वाजल्यापास्नं मालकांच्या फोटोला सोडून हलंना झालीय, लेकीनं बोलावलं तरी न्हाय.

 मी पुढं गेले, हळूच सांगितलं की हे चित्र मी काढलंय आणि माझी मोठी चूक झालीय. शांताक्काने माझ्याकडे रागाने बघितलं नाही. पाहुण्यांना करायचा नमस्कार तसाच चालू ठेवला आणि ती ओठ न हलवल्यासारखं बोलली.

"हे आमचं मालक न्हवंत. हे दादू भावजी. त्यांचं दोस्त. आत पाहुण्यांत बसल्यात."

मला कळायला क्षणभर लागला. माणूस जिवंत होता. त्याच गावचा होता. बाबू गेल्यावर या माय-लेकींना त्यानंच हात दिला होता, हे तिनं दोन शब्दांत सांगितलं. आणि गाव ते गाव. एकट्या बाईला कुणी मदत केली की काय काय बोललं जातं ते तिनं मला सांगायची गरज नव्हती. त्यानं घरी येणं सोडलं, तेव्हा तसं बोलणं मोठ्या कष्टाने विझलं होतं; म्हणूनच अश्विनीला त्याचा तरुणपणचा चेहरा ओळखू आला नव्हता. आणि मी लेकीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, दोघांना जोडीने उभं करून ठेवलं होतं. हारसुद्धा नाही. वर मिशीला पीळ देऊन. कार्टून फोटोपेक्षा लवकर ओळखू येतं हे मघाशी फुशारकीने लिहिलं ना, ते त्या दाराशी माझ्या अंगावर आलं. गावातल्या एकाने जरी नीट बघितलं असतं तरी पुरं होतं.

"अश्विनीला?" मी विचारलं.

"तिला काय बी ठाऊक न्हाय. सकाळी मला दावताना नाचत हुती. आज तिला सांगू नका."

मी गुंडाळी दाखवली. पण दारात गर्दी, दर मिनिटाला कुणीतरी फोटोला येतंय; अशात सगळ्यांदेखत एका माणसाचं तोंड सोलून दुसरं कसं लावायचं? तेवढ्यात आतून हाका सुरू झाल्या. अंतरपाट धरला, अक्षता घ्या, आईला बोलवा. भटजींनी माईकवरून दोनदा नाव घेतलं. दारातली माणसं आत वळली. शांताक्का जागची हलली नाही. एकुलत्या एका लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या होत्या आणि ती बाई बोर्डाला पाठ लावून उभी. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण पाय उचलत नव्हती.

"मी उभी राहते," मी म्हटलं. "तुम्ही जावा. मी हलणार नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग ती बाजूला झाली आणि तिच्या जागी मी पाठ टेकवली. माझी उंची कमी. टाचा उचलून, बसूला शेजारी आडवा उभा करून, मी तो चेहरा झाकला. उशिरा आलेल्या दोघा-तिघांनी मला नवरीची आत्या समजून नमस्कार केला. मीही केला. पायांत गोळे यायला लागले होते.

आत मंगलाष्टकं सुरू झाली आणि दार रिकामं झालं. बसूने मागचा कागद सोलला, मी टोपीच्या कडेला कड लावली आणि वरून खाली दाबत आले. गालावर हवेचा फुगा राहिला. नखाने दाबला, तो कानाकडे सरकला. पदराने पुसत, फुंकर मारत तो कसाबसा बाहेर काढला. आत टाळ्या आणि वाजंत्री एकदम झाली. मी दोन पावलं मागं सरले. पिवळा रंग जरासा वेगळा दिसत होता, पण दिसला तर मलाच.

शांताक्का परत आली ती धापा टाकतच. मूठ अजून अक्षतांनी पिवळी होती. बोर्डापुढं थांबली. निकालाची वाट मी पुष्कळदा पाहिली आहे. गिऱ्हाईक चित्राकडे बघतं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघते. पण त्या दिवशी मला मान वर करवेना.

"व्हय," ती म्हणाली. "हे हाईत."

एवढ्यावर संपलं असतं तर मी सुटले असते. पण जेवणाआधी नवरा-नवरी बोर्डाजवळ फोटोला आली. अश्विनी हसत हसत आली, आईच्या गळ्यात हात टाकला, बोर्डाकडे बघितलं आणि तिचं हसू तसंच राहिलं. आठ दिवस फोनवर रोज जो चेहरा बघितला होता तो तिथं नव्हता.

"आई, हे कोण?" तिनं विचारलं.

बापाकडे बोट करून.  शांताक्काने आज सांगू नका म्हटलं होतं, पण आता गप्प बसणं म्हणजे पोरीला वेडी ठरवणं. मी पुढं झाले आणि सरळ सांगून टाकलं. निगेटिव्ह मी उलटं ठेवलं होतं, आपण मोजलं ते उलटं मोजलं, चूक माझी. तुझी हनुवटी म्हणाले तेही खोटं होतं. हे तुझे वडील.

"मग आठ दिवस मी कुणाच्या पाया पडत हुतो?"

 फोटोग्राफर इकडं बघा, इकडं बघा करत होता. तेवढ्यात पंगतीतून उठून, हात पुसत, एक म्हातारा बाहेर आला. मिशी पांढरी झाली होती, पण पीळ तोच. मी बसूच्या मागं सरकले. म्हाताऱ्याने बोर्डाकडे बघितलं आणि जागीच थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"आरं, बाबू की ह्यो," तो म्हणाला.  वखारीत दोघं एका ताटात जेवायचे, हे त्यानं नंतर अश्विनीच्या नवऱ्याला सांगितलं.

अश्विनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. भुवयांकडे, मिशीकडे. आठ दिवस फोनवर होता तो चेहरा हाच, हे तिला कळलं. तिनं ते ना आईला दाखवलं, ना नवऱ्याला. पुढं गेली आणि वाकून त्याच्या पाया पडली. त्यानं दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

मग ती बोर्डाजवळ आली, अगदी जवळ, आणि त्या किडकिडीत चेहऱ्याकडे वर बघत राहिली. फिल्ममध्ये त्या माणसाचे ओठ घट्ट मिटलेले होते. हसू मी घातलं होतं. लग्नाच्या बोर्डावर कुणाला गंभीर ठेवत नाहीत, म्हणून त्या घाईतही ओठांची टोकं मी न विचारता वर केली होती.

"आई, असं हसायचे काय गं ते?"

मला वाटलं, आता हेही खोटं निघणार. शांताक्काने पदराने तोंड पुसलं.

"न्हाय गं. एवढं हसल्यालं मी कधी बघितलं न्हाय," ती म्हणाली. "आज हसलं असतं."